तेराव्यानंतरचा डबा

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पावसानं शेतं धुऊन नेली, तेव्हा नाशिकमधून रोज मदतीच्या गाड्या निघत होत्या. पंचवटीतल्या आमच्या सोसायटीनंही एक छोटा हत्ती भरला. ग्रुपवर यादी फिरली: पाच किलो आटा, एक किलो तूरडाळ, तेल, मेणबत्त्या, एक चादर. तीन दिवसांत गाडी भरून रवाना झाली आणि माझ्याकडे, म्हणजे खजिनदाराकडे, ४१,३०० रुपये उरले.

मी म्हटलं, हे दिवाळीनंतर बघू. झालं! ‘लोकांनी पुरासाठी दिले ना? मग ठेवले कशाला?’ ‘व्याज खायचंय का?’ एका काकांनी तर वार्षिक सभेत विषय घेण्याची सूचना टाकली. ग्रुपवर याचं उत्तर देणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून ते इथे देतोय. आपत्तीनंतर दानाचा पैसा लगेच का संपवू नये, तो नेमका कुठे कामाला येतो आणि कुठे वाया जातो, हा प्रश्न जगभर लोकांना पडलेला आहे. अमेरिकेत हरिकेननंतर, कच्छात भूकंपानंतर, आपल्याकडे पुरानंतर. (हरिकेन म्हणजे आपलं चक्रीवादळच. अटलांटिकमध्ये त्याला हरिकेन म्हणतात, जपानच्या बाजूला टायफून.)

डबे कधी येतात, कधी थांबतात

एखाद्या घरातला कमावता माणूस गेला की काय होतं, आठवा. त्या घरात चूल पेटत नाही, पण कुणी उपाशीही राहत नाही. आज जोशींकडून पिठलं-भात, उद्या वरच्या मजल्यावरून पोळ्या. तेराव्यापर्यंत डबे येतच राहतात. चौदाव्या दिवशी पाहुणे आपापल्या गावी जातात आणि खरी कामं मग सुरू होतात. बँकेत नॉमिनी नाही. विम्याच्या कागदावर स्पेलिंग चुकलंय. मुलीची फी जूनमध्ये भरायची आहे. त्या वेळी डबा घेऊन कुणी येत नाही, आणि आलं तरी त्या डब्यानं प्रश्न सुटत नाही.

आपत्तीचंही असंच आहे. पहिला टप्पा सुटकेचा आणि तातडीच्या मदतीचा. त्यात बोटी, निवारा, अन्न, औषधं येतात. दुसरा सावरण्याचा: घर, शेत, दुकान, शाळा, मन. पहिला टप्पा दिवसांत मोजायचा, दुसरा वर्षांत. देणगीचा ओघ मात्र टीव्हीवरच्या चित्रांबरोबर वाहतो. कॅमेरे हलले की तोही आटतो. आपत्तीतल्या दानावर काम करणारे लोक जगात सगळीकडे हीच तक्रार करतात, की बहुतेक पैसा पहिल्या टप्प्यातच खर्च होतो आणि दुसऱ्याला चिल्लर उरते.

वादळ एका दुपारचं, बाग सात वर्षांची

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि जोर ओसरत नाशिकच्या बाजूनं पुढे गेलं. इथे आपण खिडक्या लावून घरात बसलो, झाडं पडली, वीज गेली. श्रीवर्धन-दिवेआगरला एका दुपारी नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पत्रे आले, ताडपत्र्या आल्या, शिधा आला. पण सुपारीचं रोप लावल्यावर उत्पन्न सुरू व्हायला पाच-सात वर्षं जातात. तोवर वाडीवाल्यानं काय खायचं? वाडीतली पडलेली झाडं ओढून काढायला मजुरी कुठून द्यायची? शिध्याच्या पिशवीत याचं उत्तर नव्हतं.

नाशिककराला हे द्राक्षाच्या भाषेत लगेच कळेल. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना पाऊस झाला तर एक हंगाम जातो. पण मांडवच कोसळला किंवा मुळाशी आठवडाभर पाणी साचून वेल मेली, तर नवी लागवड, कलम, मांडव आणि पहिला माल हाती येईपर्यंत दोन वर्षं. बँकेचा हप्ता मात्र दर वर्षी येतो.

म्हणून सावरायला लागणारा पैसा वेगळ्या जातीचा असतो. तो थोडा-थोडा, उशिरा, पुन्हा पुन्हा आणि माणूस बघून द्यावा लागतो. यातलं काहीच फोटोत नीट येत नाही.

‘पण सरकार देतंच की!’

देतं. आणि देणगीपेक्षा कितीतरी जास्त देतं, हे आधी कबूल करू. प्रत्येक राज्याला आपत्ती निधी असतो. आपल्यासारख्या राज्यात त्यात केंद्राचे ७५ टक्के आणि राज्याचे २५ टक्के. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी त्याची वाटणी ठरवून दिली: ४० टक्के तातडीच्या मदतीला, ३० टक्के सावरण्याला आणि पुनर्बांधणीला, १० टक्के तयारीला, २० टक्के पुढची आपत्ती सौम्य करायला. सावरण्याला वेगळा कप्पा मिळाला ही मोठी गोष्ट आहे. आधी सगळं लक्ष तातडीच्या मदतीकडेच असायचं.

पण सरकारी मदत दरपत्रकानं चालते. २०२२-२६ साठी केंद्राचे निकष असे होते: सपाट भागातलं पक्कं घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार रुपये. जिरायती पिकाला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, फळबागेला २२,५००, तेही दोन हेक्टरपर्यंत. राज्य सरकार वेळोवेळी त्यात भर घालतं. तरी द्राक्षबाग उभी करायला एकरालाच काही लाख लागतात, हे निफाड-दिंडोरीत कुणालाही विचारा. हे पैसे नुकसानीची भरपाई म्हणून ठरवलेलेच नाहीत. तो हातभार आहे. आपण मात्र त्याला ‘नुकसानभरपाई’ म्हणतो आणि मग चिडतो.

दुसरी अडचण म्हणजे दरपत्रकाला फक्त कागद दिसतो. गोदाघाटावर टपरी टाकून कुंकू-करंडे, वाती, तांब्याचे गडू विकणाऱ्या एका मावशींना मी लहानपणापासून ओळखतो. एका पुरात त्यांची टपरी मालासकट गेली. त्यांना मदत मिळाली: चार चादरी, डाळ, आणि बिस्किटांचे इतके पुडे की पुढचा महिनाभर आम्हालाच चहाबरोबर खायला घालत होत्या. गेलेला माल कुठल्याच पंचनाम्यात बसला नाही, कारण टपरीला सात-बारा नसतो. माल भरायला त्यांनी शेकडा पाच रुपये महिना व्याजानं पैसे उचलले. वर्षाला साठ टक्के! त्या वेळी कुणी पंधरा हजार बिनव्याजी दिले असते तर सहा महिन्यांत परत आले असते. चादरी अजून माळ्यावर आहेत.

आजोबांचा सात-बारा

मला या सगळ्यात सर्वांत डोळे उघडणारी वाटलेली गोष्ट कागदाचीच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया हरिकेननं कॅरिबियन समुद्रातलं प्वेर्तो रिको हे बेट उद्ध्वस्त केलं. ते अमेरिकेच्या ताब्यातलं बेट आहे. आधी सरकारी आकडा ६४ मृत्यूंचा होता, पुढे तो २,९७५ असा मान्य करावा लागला. कारण बरीच माणसं वाऱ्यानं नाही, तर नंतरच्या महिन्यांत वीज नाही, औषध नाही, डायलिसिस नाही म्हणून गेली. सगळीकडे वीज परत यायला जवळपास अकरा महिने लागले.

तिथे घरदुरुस्तीसाठी केंद्र सरकारची मदत होती. पण हजारो अर्ज फेटाळले गेले. का? घर आजोबांनी बांधलेलं, आजोबा वारले, मुलं-नातवंडं तिथेच राहत आली, नावावर कुणीच करून घेतलं नाही. अधिकारी म्हणाले, मालकीचा पुरावा दाखवा. ऐकल्यासारखं वाटतंय ना? आपल्याकडे सात-बाऱ्यावर आजोबांचं नाव, त्याखाली सात वारस, त्यातली एक आत्या सुरतेला आणि एका काकांशी बोलणं बंद! मदतीची यादी लागते तेव्हा पैसे नेमके इथे अडकतात.

प्वेर्तो रिकोत देणगीच्या पैशांतून विनामूल्य वकील उभे राहिले. एकेका कुटुंबाचे कागद जुळवणं, प्रतिज्ञापत्रं करून देणं, अपील करणं ही कामं त्यांनी केली. नियमच चुकीचा आहे हा रेटाही लावला. २०२१ मध्ये अमेरिकी सरकारनं नियम सैल केला आणि मालकीसाठी स्वतःचं प्रतिज्ञापत्रही चालेल असं ठरवलं. आता हिशेब करा. तेवढ्याच पैशांत त्या कुटुंबाला पत्रे घेऊन दिले असते तर काही पत्रे आले असते. वकील दिला तर सरकारकडची पूर्ण मदत मोकळी झाली. दान इथे किल्लीसारखं वापरलं गेलं. तिजोरी सरकारची, किल्ली लोकवर्गणीची.

आणखी एक उदाहरण. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना हरिकेनमध्ये बंधारे फुटून अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. तिथल्या सरकारी योजनेत घराची वादळापूर्वीची किंमत किंवा दुरुस्तीचा खर्च, यातली जी रक्कम कमी ती आधार धरत. सूत्र वरवर न्याय्य दिसतं. पण कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत तशाच घराची बाजारकिंमत कमी असायची, म्हणून तेवढ्याच दुरुस्तीला कमी पैसे. हे प्रकरण कोर्टात नेलं ते सामाजिक संस्थांनी, आणि २०११ मध्ये तडजोड झाली. असं काम सरकार स्वतःविरुद्ध करणार नाही. कंपनीही करणार नाही. दानाच्या पैशावर चालणारी संस्थाच ते करू शकते.

टेबलाभोवतीची माणसं

अमेरिकेत वादळानंतर गावोगावी एक पद्धत रूढ झाली आहे. चर्च, सामाजिक संस्था, देणगीदार असे सगळे एका टेबलाशी बसतात. एकेका कुटुंबासाठी एक कार्यकर्ता नेमलेला असतो. तो त्या घराची फाइल मांडतो: विमा इतका मिळाला, सरकारकडून इतके, अजून इतके कमी पडतात. मग टेबलावरचा एक म्हणतो लाकूड माझं, दुसरा म्हणतो सुतार माझे, तिसरा म्हणतो उरलेले पैसे मी देतो. आपल्याकडे गरीब घरच्या मुलीच्या लग्नात मांडव एकाचा, भांडी दुसऱ्याची, आचारी तिसऱ्याचा असं जे होतं, तेच. फरक इतकाच की इथे फाइल असते, त्यामुळे पाच जण पाच मिक्सर आणत नाहीत.

ही पद्धत आपल्याला परकी नाही. १९९८ च्या जूनमध्ये कच्छला चक्रीवादळानं झोडपलं, तेव्हा तिथल्या संस्थांनी ‘अभियान’ नावाचं जाळं उभं केलं. २६ जानेवारी २००१ ला भूकंप झाला तेव्हा हे जाळं तयार होतं. त्यांनी गावांच्या गटांसाठी ‘सेतू’ केंद्रं उघडली. कुठल्या गावाला काय हवं, सरकारचा कुठला आदेश निघाला, कुठली संस्था कुठे काम करतेय, सगळं तिथे कळायचं. वादळाच्या वेळी आलेला पैसा वाटून संपला असता आणि जाळं विस्कटलं असतं, तर भूकंपात पुन्हा शून्यापासून सुरुवात झाली असती.

आणि किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर लातूर-उस्मानाबादेत मदतीचे ट्रक किती आले याची मोजदाद नाही. पण भारतीय जैन संघटनेनं तिथली १,२०० मुलं पुण्याजवळ वाघोलीला आणून त्यांच्या राहण्या-शिकण्याची जबाबदारी घेतली. एखादं मूल पाचवीत असेल तर ते कॉलेजात जाईपर्यंतची ही जबाबदारी. चादर वाटण्यापेक्षा ती किती वेगळी आहे, हे वेगळं सांगायला नको.

‘मग पैसे बँकेत पडून का?’

आमच्या ग्रुपचा मूळ प्रश्न. ऑगस्ट २०१७ च्या हार्वी हरिकेननंतर ह्यूस्टनमध्ये एका स्थानिक निधीत ११ कोटी डॉलरहून जास्त जमले. तो टप्प्याटप्प्यानं, वेगवेगळ्या संस्थांना दिला गेला. वर्तमानपत्रांत ओरड झाली की लोक ओल्या भिंतींत राहतायत आणि पैसा बँकेत आहे. ओरडीत तथ्यही होतं. उशीर हा गुण नाही. पण पहिल्या आठवड्यात सगळं वाटलं असतं, तर सहाव्या महिन्यात विमा नाकारला गेलेल्या म्हाताऱ्या जोडप्याला द्यायला काय उरलं असतं? पहिल्या आठवड्यात तर त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं की विमा नाकारला जाणार आहे.

आपल्याकडे कायदाही घाई करायला लावतो. धर्मादाय ट्रस्टनं वर्षाच्या उत्पन्नाचे ८५ टक्के त्याच वर्षी खर्च करायचे असतात. पुढे न्यायचे तर नेमकं कारण आयकर खात्याला कळवून जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी. ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांनी नफ्याच्या सरासरी २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची, तिला आपण सीएसआर म्हणतो. ती ३१ मार्चच्या आत खर्चायची. ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर असेल तरच सुरुवातीच्या वर्षानंतर आणखी तीन वर्षं मिळतात. मग सातपूर-अंबडमधल्या एखाद्या कारखान्याच्या मॅनेजरनं फेब्रुवारीत काय करावं? तीन वर्षांचा आराखडा बनवावा, की हजार किट वाटून फोटो काढावा? त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र आराखडा तयार असलेली संस्था समोर असेल, तर तोच मॅनेजर तीन वर्षांची सही करतो, कारण कायद्यात ती वाट आहे.

‘संस्थेच्या पगारावर माझे पैसे नकोत’

हे वाक्य मी स्वतः म्हणायचो. आता म्हणत नाही. वर सांगितलेली फाइल कोण भरतो? वारसनोंदीसाठी तलाठी कार्यालयात चार खेपा कोण घालतो? तो कार्यकर्ता हाच मदतीचा मोठा भाग आहे. डॉक्टरच्या फीशिवाय फक्त गोळ्यांचे पैसे देईन म्हणण्यासारखं आहे हे. अर्थात एसी हॉटेलातल्या परिषदा आणि गावातला कार्यकर्ता यांत फरक करायलाच हवा. हिशेब मागा. पण ‘पगार शून्य’ अशी जाहिरात करणारी संस्था दिसली तर मला आता उलट शंका येते, की मग काम कोण करतंय?

थेट रोख का देऊ नये, हाही प्रश्न येतो. द्यावी. बाजार सुरू झाला असेल तर आट्याच्या पिशवीपेक्षा रोख कधीही बरी, कारण तिच्यातून औषध येतं, रिक्षाचं टायरही येतं. पण रोख पैशानं वारसनोंद होत नाही.

चुकतंही

खूप चुकतं. २०१० च्या हैती भूकंपासाठी अमेरिकन रेड क्रॉसनं सुमारे ४९ कोटी डॉलर गोळा केले. २०१५ मध्ये पत्रकारांनी शोध घेतला तर संस्थेनं कायमची अशी घरं बांधलेली सापडली फक्त सहा. बाकी पैसा तंबू, पाणी, आरोग्य, इतर संस्था यांत गेल्याचं संस्थेचं म्हणणं होतं, पण प्रश्न विचारले गेलेच. २००४ च्या त्सुनामीनंतर काही किनाऱ्यांवर आधी होत्या त्यापेक्षा जास्त होड्या वाटल्या गेल्या, कारण होडीवर देणगीदाराचं नाव छान दिसतं. याउलट त्याच त्सुनामीत ‘मेद्सां सां फ्राँतिएर’ या डॉक्टरांच्या संस्थेनं काही दिवसांतच जाहीर केलं: आमच्या इथल्या कामापुरते पैसे जमले, आता पाठवू नका. पैसे नको म्हणणारी संस्था! असं धैर्य दुर्मीळ.

बहुतेक चुकांचं मूळ एकच: ठरवणारी माणसं लांब बसलेली असतात. प्वेर्तो रिकोच्या डोंगरात आद्हुन्तास नावाचं गाव आहे. तिथे ‘कासा प्वेब्लो’ ही स्थानिक संस्था मारियाच्या आधीपासून सौर पॅनेलवर चालायची. वादळानंतर सगळीकडे अंधार असताना लोक तिथे फोन चार्ज करायला, श्वासाची यंत्रं लावायला आले. काय हवंय हे तिथे कुणाला सर्वेक्षण करून शोधावं लागलं नाही. पुढे गिर्यारोहक ॲलेक्स होनॉल्ड यांच्या संस्थेनं पैसा दिला आणि २०२३ मध्ये गावातल्या डझनभर दुकानांना जोडणारं छोटं सौर-वीज जाळं सुरू झालं. औषधाचं दुकान आणि बेकरीही त्यात आहेत. वादळानंतर साडेपाच वर्षांनी! इतकी वर्षं थांबणारा देणगीदार हवा.

मारुतीच्या छातीपर्यंत

आपल्याकडे नाशकात पुराचं माप सेंटिमीटरमध्ये नाही, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात. कमरेला लागलं, छातीला लागलं, डोक्यावरून गेलं. २००८, २०१६, २०१९, प्रत्येक वेळी गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की सराफ बाजार, भांडी बाजार रिकामा करायची धावपळ, आणि खाली नांदूरमध्यमेश्वरच्या फुगवट्यानं सायखेडा-चांदोरीत घरात पाणी. म्हणजे पुढचा पूर कुठे येणार हे आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे. टपरीवाल्यांची यादी, त्यांच्याकडच्या मालाचा अंदाज, कुणाच्या सात-बाऱ्यावर अजून आजोबा आहेत, हे कोरड्या मे महिन्यात लिहून ठेवता येतं. एखादा छोटा स्थानिक निधी हे करू शकतो, आणि त्याला ट्रक लागत नाही.

आमच्या ४१,३०० चं काय झालं, ते सांगतो. गाडी ज्या गावात गेली होती तिथल्या शाळेतले एक शिक्षक नोव्हेंबरात फोनवर म्हणाले, आटा पुरे, विहिरीतल्या मोटारी गाळानं जळाल्यात, रब्बीला पाणी नाही. सहा मोटारींचं रिवाइंडिंग करून घेतलं: २७,००० रुपये. दोन शेतकऱ्यांचे मदतीचे पैसे वारसनोंदीपायी अडले होते, त्यांचे दाखले, प्रतिज्ञापत्रं आणि तालुक्याच्या खेपा: ८,१००. मी पावत्यांसकट हिशेब ग्रुपवर टाकला आणि सोबत मोटार सुरू झाल्याचा, पाइपातून आधी काळा चिखल आणि मग पाणी येतानाचा व्हिडिओ.

खाली पहिला प्रतिसाद त्याच काकांचा: ‘उरलेले ६,२०० कशाला ठेवलेत?’